हरवलेले वॅट आणि ऑलिव्हर हेविसाइड

माझं गाव पेडगाव. हॉस्टेलला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की गावाचं नाव सांगितलं की समोरचा हसतो आणि वेड पांघरून आलास का म्हणून विचारतो. मग मला दरवेळी खुलासा करावा लागतो. म्हणीतलं पेडगाव ते भीमेच्या काठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं, मनमाडहून येताना परभणीच्या अलीकडचं लहानसं स्टेशन. एक्सप्रेस गाड्या आमच्याकडे न बघता निघून जातात. असो. पण ज्या माणसाबद्दल आज लिहायचं आहे त्यालाही लोक आयुष्यभर वेडाच समजत आले, म्हणून सुरुवात म्हणीपासून केली.

मित्रांनो, या माणसाची आणि माझी ओळख पुस्तकात झाली नाही. ती आमच्या घराच्या स्लॅबवर झाली, दिवाळीच्या सुट्टीत.

झालं असं. आमच्या हॅम रेडिओच्या ग्रुपने एक तात्पुरता रिपीटर चालवून बघायचं ठरवलं. परवाना सरांचा, देखरेखही त्यांचीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातातल्या लहान सेटचा आवाज चार-पाच किलोमीटरवर विरून जातो. रिपीटर उंचावर बसून तो आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी शेजारच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलून दाखवतो. ऐकणं आणि बोलणं एकाच अँटेनावरून चालतं, मध्ये डुप्लेक्सर नावाचे डबे असतात. गावात उंच जागा आणि फुकट जेवण या दोन गोष्टींमुळे आमचं घर ठरलं. स्लॅबवर लोखंडी पाईप उभा केला, वर अँटेना, खालच्या खोलीत सेट, आणि घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून सेटला वायर.

पहिले दोन दिवस झकास. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस झाला आणि सकाळपासून रिपीटर आजाऱ्यासारखा बोलायला लागला. कोल्ह्याकडे गेलेल्या मित्राला ऐकूच जाईना. त्यात लाईट गेली की सेट बोलायला लागला रे लागला की बंद पडायचा, परत चालू व्हायचा, परत बंद.

आमचा पहिला इलाज काय? पॉवर वाढवा! सेटची पॉवर वाढवली, तर तो आणखी लवकर बंद पडू लागला आणि फ्यूजचं होल्डर हाताला चटका देऊ लागलं. सेटजवळ मीटर लावला तर मीटर म्हणतो सगळं ठीक आहे. चोवीस वॅट वर चालले आहेत, परत फिरून येणारी पॉवर नगण्य, एसडब्ल्यूआर १.२. सगळं ठीक, आणि तरी आवाज पोचत नाही! तेव्हा सरांनी वायरीकडे बोट दाखवलं आणि ऑलिव्हर हेविसाइडचं नाव घेतलं. मला ते नाव एम-थ्रीच्या युनिट स्टेप फंक्शनपुरतं माहीत होतं. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून त्याचं चरित्र वाचून काढलं.

ऑलिव्हर हेविसाइड १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाऊन भागात जन्मला. वडील लाकडावर चित्रं कोरणारे कारागीर. घरात चार मुलगे, हा सगळ्यात धाकटा, आणि पैशाची कायम ओढाताण. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात कान अधू झाले. बाकीची पोरं काय बोलतात ते ऐकू येत नाही, म्हणून हा एकटा राहायला शिकला. ही सवय मग कधी सुटली नाही. अभ्यासात हुशार. १८६५ साली एका मोठ्या परीक्षेत पाचशेच्या वर मुलांत पाचवा आला. पण सोळाव्या वर्षी शाळा सुटली. कॉलेज नाही, डिग्री नाही.

एक मोठा आधार मात्र होता. त्याच्या मावशीचे यजमान म्हणजे सर चार्ल्स व्हीटस्टोन. होय, आपल्या लॅबमधल्या व्हीटस्टोन ब्रिजवाले! तारायंत्राच्या धंद्यात त्यांचं वजन मोठं. १८६८ साली, अठराव्या वर्षी, ऑलिव्हर डेन्मार्कला तारायंत्र ऑपरेटर म्हणून रुजू झाला. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्ये समुद्रातून नवीन केबल पडली होती. पुढे तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या ऑफिसात आला.

आता त्या नोकरीचा विचार करा. केबल समुद्राच्या तळाशी, शेकडो किलोमीटर लांब. ती कुठेतरी बिघडली तर बघणार कसं? किनाऱ्यावर बसूनच दोन टोकांवर ब्रिज लावून रेझिस्टन्स मोजायचा आणि त्यावरून बिघाड किती अंतरावर आहे याचा हिशोब करायचा. मग जहाज जाऊन तेवढाच तुकडा वर काढतं. हिशोब चुकला तर जहाजाची फेरी वाया. म्हणजे आपल्या हेविसाइडची पहिली नोकरी ही चक्क ट्रबलशूटिंगची होती. १८७३ साली त्याने ब्रिजमधून सर्वात अचूक माप कसं मिळवावं यावर एक निबंध लिहिला. वय बावीस. त्याची दखल विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी घेतली आणि मॅक्सवेलनेही आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा उल्लेख केला.

आणि १८७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, या पठ्ठ्याने नोकरी सोडली. त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधीही नोकरी केली नाही. आई-वडिलांच्या घरी एका खोलीत दार-खिडक्या बंद करून बसायचा, दिवा लावून रात्र रात्र लिहायचा. घरचे जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचे. आपल्याकडे असा मुलगा असता तर गावाने काय म्हटलं असतं ते सांगायला नको.

तो आत काय करत होता? मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ १८७३ साली निघाला होता. हेविसाइडने तो चाळला आणि लक्षात आलं की इथे काहीतरी फार मोठं आहे, पण आपल्याला समजायला लागणारं गणितच येत नाही. मग त्याने गणित शिकायला घेतलं, कुणाच्याही मदतीशिवाय. त्याला कित्येक वर्षं लागली. मराठी मीडियममधून येऊन फर्स्ट इयरला इंग्रजी पुस्तकासमोर बसलेल्या माझ्यासारख्याला हा भाग वाचताना फार धीर आला. पुढे १८८४ च्या सुमारास त्याने मॅक्सवेलच्या सिद्धांताची मांडणीच बदलली. मॅक्सवेलकडे वीस समीकरणं होती. आज आपण जी चार समीकरणं वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आणि मॅक्सवेलची म्हणून पाठ करतो, ती त्या रूपात हेविसाइडने बसवली. हर्ट्झ त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोचला. नाव मॅक्सवेलचंच राहिलं आणि हेविसाइडची त्याला हरकतही नव्हती.

आता वायरीकडे येऊ, कारण आमचा रिपीटर अजून बंद आहे.

१८५८ साली अटलांटिक महासागरातून पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली. संदेश इतके मंद आणि पुसट येत की एकेका वाक्याला तासन्‌तास लागायचे. तिथल्या प्रमुख इलेक्ट्रिशियनने तोच इलाज केला जो आम्ही पेडगावला केला. दाब वाढवला, जवळजवळ दोन हजार व्होल्टपर्यंत. काही आठवड्यांत केबल कायमची मेली. थॉमसनने तोवर दाखवून दिलं होतं की केबलचा रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स मिळून संदेश पसरवून टाकतात आणि लांबी दुप्पट केली की उशीर चौपट होतो. हे खरंच होतं, पण अर्धंच होतं. थॉमसनच्या हिशोबात इंडक्टन्स नव्हता आणि गळतीही नव्हती.

हेविसाइडने १८७६ पासून या दोन्ही गोष्टी हिशोबात घेतल्या. आपण ट्रान्समिशन लाईनच्या पेपरला जी टेलिग्राफर्स इक्वेशन्स लिहितो ती ही. वायरीच्या प्रत्येक मीटरला चार गोष्टी चिकटलेल्या असतात: रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि लीकेज. पहिला आणि शेवटचा मिळून पॉवर खातात. १८७९ साली त्याने केबलमधल्या बिघाडांवर एक निबंध लिहिला आणि त्यात दाखवलं की केबलला थोडी गळती असेल तर संदेश कमजोर होतो खरा, पण जास्त स्पष्ट आणि जलद जातो. बिघाडाकडे इतक्या शांतपणे बघणारा माणूस मी दुसरा वाचला नाही. १८८० साली त्याने एका नळीच्या आत दुसरा तार बसवण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. म्हणजे कोॲक्सियल केबल! आमच्या स्लॅबवरून खाली उतरणारी काळी केबल शेवटी त्याच घराण्यातली. इम्पीडन्स, इंडक्टन्स, ॲडमिटन्स, कंडक्टन्स हे शब्दसुद्धा त्यानेच घडवले.

१८८७ साली त्याच्या हातात खरं घबाड लागलं. रेझिस्टन्सला इंडक्टन्सने भागून जे येतं तेच लीकेजला कपॅसिटन्सने भागून आलं, तर लाईनवरून जाणारा आवाज लहान होईल पण त्याचा आकार बिघडणार नाही. म्हणजे टेलिफोनवरचं बोलणं शेकडो मैलांवर समजेल. लाईनमध्ये इंडक्टन्स मुद्दाम वाढवायचा, एवढाच उपाय. भाऊ आर्थर पोस्ट खात्यात तारायंत्राचा इंजिनियर होता. दोघांनी मिळून निबंध तयार केला.

पण छपाईची परवानगी ज्यांच्या हातात होती ते पोस्ट खात्याचे मोठे अधिकारी विल्यम प्रीस. त्यांचं मत पक्कं होतं की इंडक्टन्स हा टेलिफोनचा शत्रू आहे. आता इंडक्टन्स वाढवा असं सांगणारा कोण? एक बहिरा, बेकार, बिनडिग्रीचा माणूस. निबंध अडवला गेला. त्याच वर्षी ज्या साप्ताहिकात हेविसाइड लेखमाला लिहीत असे तिथले संपादक बदलले आणि लेखमालाही बंद पडली. वाचकच नाहीत, असं कारण दिलं गेलं. वर्षाला चाळीस पौंड मिळायचे, तेही गेले.

मला या जागी वाचन थांबवावंसं वाटलं. कारण हा बिघाड ओळखीचा होता. एका टोकाला पुरेपूर पॉवर आहे, दुसऱ्या टोकाला ऐकणारे आहेत, आणि मधल्या जोडावर सगळं अडलेलं आहे. वर बसलेल्यांचा मीटर मात्र सगळं ठीक दाखवतो आहे.

सुदैवाने वर्षा-दोन वर्षांतच हवा बदलली. हर्ट्झने १८८८ मध्ये रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवल्या. ऑलिव्हर लॉज यांना आपण शोधत असलेल्या गोष्टी हेविसाइडच्या जुन्या लेखांत आधीच सापडल्या. जानेवारी १८८९ मध्ये केल्विन यांनी अध्यक्षीय भाषणात त्याच्या कामाचा जाहीर गौरव केला. १८९१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पण माणूस बदलला नाही. लंडनला जाऊन सभासदत्वाच्या समारंभाला उभं राहणंही त्याला नको होतं. लंडन तर त्याने १८८९ लाच सोडलं होतं. डेव्हनमधल्या पेंटन गावी भावाचं वाद्यांचं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर तो आई-वडिलांसोबत राहत होता.

टेलिफोनचं काय झालं? अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी ठरावीक अंतरावर कॉइल बसवून लाईनचा इंडक्टन्स वाढवायची पद्धत काढली. १९०० साली पेटंट मिळालं, ते अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने विकत घेतलं आणि प्युपिन यांना सगळं मिळून चार लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाली. लांब पल्ल्याचे फोन सुरू झाले. हेविसाइडला एक पैसा मिळाला नाही, कारण त्याने या कल्पनेचं पेटंटच घेतलं नव्हतं. नंतर कंपनीने त्याला काही रक्कम देऊ केली. त्याने अट घातली की आधी मूळ कल्पना माझी हे पूर्णपणे मान्य करा. ते होईना, तर त्याने पैसे नाकारले. तेव्हा त्याच्याकडे पैशाची मारामार होती हे लक्षात घ्या. मित्रांनी गरजूंच्या निधीतून मदत मिळवून दिली तर ती दया आहे म्हणून परत केली. शेवटी १८९६ साली सरकारकडून वर्षाला १२० पौंडांचं मानधन मिळालं, ते कामाचा सन्मान म्हणून आहे असं पटवल्यावर त्याने घेतलं.

हॅमवाल्यांवर या माणसाचं आणखी एक ऋण आहे. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडे सिग्नल पोचवला. पृथ्वी गोल, लहरी सरळ जाणाऱ्या, मग पोचल्या कशा? १९०२ साली हेविसाइडने एका ज्ञानकोशातल्या लेखात सुचवलं की वातावरणात उंचावर वीज वाहून नेणारा एक थर असावा आणि लहरी त्याच्या आधाराने वळत असाव्यात. अमेरिकेत केनेली यांनीही त्याच वर्षी हेच सांगितलं. बरीच वर्षं ती नुसती कल्पना राहिली. डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटन आणि बार्नेट यांनी प्रयोग करून तो थर पकडला. रात्री शॉर्टवेव्हवर दूरदेशीचा हॅम ऐकू येतो तो याच थरांच्या कृपेने. निसर्गाने फुकट बसवलेला रिपीटरच म्हणा ना!

हेविसाइडचं म्हातारपण मात्र वाईट गेलं. १९०८ पासून तो टॉर्की इथे राहत होता. शेवटची काही वर्षं एकटाच. घरात फर्निचरच्या जागी दगडाचे मोठे ठोकळे आणून ठेवले होते. नखं गुलाबी रंगवायचा. सहीखाली वर्म, म्हणजे किडा, अशी पदवी लावायचा. पोरं खिडक्यांवर दगड मारायची. थंडी त्याला अजिबात सोसत नसे, आणि गॅसचं बिल थकलं म्हणून घरचा गॅसपुरवठा तोडला गेला. पॉवर कुठे जाते हे ज्याने जगाला शिकवलं त्याच्याच घरची ही अवस्था. १९२२ साली विद्युत इंजिनियरांच्या संस्थेने पहिलं फॅरडे पदक त्याला दिलं. तो येणार नाही हे माहीत असल्याने अध्यक्ष स्वतः पदक घेऊन टॉर्कीला गेले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तो वारला. ॲपलटनच्या प्रयोगाला दोन महिनेही झाले नव्हते. पेंटनच्या दफनभूमीत आई-वडिलांजवळच त्याला पुरलं.

आता आमच्या रिपीटरचं सांगतो, नाहीतर संपादक म्हणतील अर्धवट सोडलं.

सरांनी आम्हाला अंदाज बांधणं बंद करायला लावलं आणि टोकापासून मोजत जायला सांगितलं. आधी बॅटरी. बॅटरीच्या खांबांवर १२.४ व्होल्ट. बटण दाबून सेटच्या मागच्या पिनांवर मोजलं तर ११.२. दहा मीटर लांब, अडीच स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन वीस मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.१५ ओहम. आठ अँपिअर ओढले की १.२ व्होल्ट वाटेतच खलास! चार्जर चालू असताना व्होल्टेज वर असायचं म्हणून कळायचं नाही. लाईट गेली की सेट कुथायचा. आणि पॉवर वाढवली की करंट वाढायचा, म्हणजे वायर आणखी खायची. बॅटरी उचलून सेटच्या शेजारी आणली, वायर एक मीटर केली, पहिलं दुखणं गेलं.

मग केबल. कमी पॉवर ठेवून वरची अँटेना काढून टाकली. खालच्या मीटरने काय दाखवावं? अँटेनाच नाही, म्हणजे सगळी पॉवर परत यायला हवी. मीटर दाखवतो १.३! मी बघतच राहिलो. केबलच पॉवर खात होती, जातानाही आणि परत येतानाही, म्हणून मीटरपर्यंत परत काही पोचतच नव्हतं. आम्ही ज्याला सगळं ठीक समजत होतो तेच बिघाडाचं लक्षण होतं. मग वरच्या टोकाला डमी लोड आणि वॉटमीटर लावला. खालून चोवीस वॅट, वर पोचले तीन. पंधरा मीटर बारीक केबल अर्धी पॉवर खाणार हे गृहीत धरलं तरी बारा यायला हवे होते. बाकीचे नऊ गेले कुठे? वरचा कनेक्टर उघडला तर आत पाणी, आणि केबलची जाळी काळी-हिरवी पडलेली. तो कनेक्टर मीच बसवला होता. वरून टेप गुंडाळायचा कंटाळा केला होता, कारण दिवाळीत कुठला पाऊस?

परभणीहून जाड केबल आणली, कनेक्टर नीट सोल्डर केला, वर रबराची टेप आणि त्यावर साधी टेप. वर सतरा वॅट. कोल्ह्याचा मित्र असा खणखणीत आला की आई चहा टाकायला उठली.

त्या दिवसापासून एक सवय लागली. काही पोचत नसेल तर जोर वाढवायच्या आधी मधले जोड तपासायचे, आणि एकाच टोकाच्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. गेल्या सेमला माझा एक पेपर राहिला. तेव्हा वाटलं होतं की आपल्यातच पॉवर कमी. आता वाटतं, आधी कनेक्टर उघडून बघावा.

राहता राहिली म्हण. हेविसाइडने वेड पांघरलं होतं की ते खरं होतं, कुणास ठाऊक. पण पेडगावला तो नक्की येऊन गेला. आमच्या स्लॅबवर, पंधरा मीटर केबलमध्ये, मी त्याला पाहिलं आहे.